परम्युटेशन टेस्ट लावण्याआधी
परभणीकडच्या सोयाबीनचे दहा प्लॉट. पाचांना नवं खत, पाचांना जुनं. नव्याने उतारा वाढला का, ते पाहायचंय. एवढ्याशा आकड्यांवर टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी नेहमीची चाचणी) लावायला तू बिचकतोस, ते बरोबरच आहे. परम्युटेशन टेस्ट कर. खताने काहीच फरक पडत नसेल, तर लेबलं (कुठल्या प्लॉटला नवं, कुठल्याला जुनं) बदलली असती तरी प्रत्येक प्लॉटचा उतारा तोच आला असता. लेबलं वाटायच्या रीती २५२. प्रत्येकीत सरासरीतला फरक काढ. तुझ्या फरकाएवढे किंवा त्याहून मोठे जेवढे निघतील, त्यांचं प्रमाण म्हणजे पी-मूल्य: खताचा काही परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता.

पोरं घसरतात ती पुढे. लेबलं मनाला येईल तशी पिसायची नसतात. कुठल्या प्लॉटला कुठलं खत हे ठरवायला प्रयोगात चिठ्ठ्या टाकल्या त्याच पद्धतीने पिसायची. काळ्या रानात आणि मुरमाड रानात वेगळ्या चिठ्ठ्या टाकल्या असतील, तर अदलाबदल त्या-त्या रानातच. आणि चिठ्ठ्या न टाकताच चांगल्या रानाला नवं खत दिलं असेल, तर कुठलीच टेस्ट ते भरून काढणार नाही.

तीन-तीन प्लॉटवर थांबू नकोस. तिथे रीती फक्त २०, म्हणजे एकतर्फी (नवं खत सरस का, एवढंच पाहणारं) पी-मूल्य ०.०५ या नेहमीच्या सीमारेषेच्या खाली जातच नाही. प्लॉट खूप असतील तर दहा हजार यादृच्छिक अदलाबदली पुरतात. मात्र अंशात आणि छेदात एकेक मिळव, नाहीतर कधी कधी पी-मूल्य शून्य छापून येईल.