पहिला सॅंडर घेताना आधी पट्टा बघा, मग मशीन

कानशीने तीन सुऱ्या करून झाल्या, चौथीला खांदे बोलू लागले, म्हणून आता लहानसा बेल्ट सॅंडर, म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर घासायचं मशीन, हवाय आणि खर्च आवाक्यात ठेवायचाय, असं तुम्ही लिहिलंय. पर्याय तीन दिलेत (आकडे पट्ट्याची रुंदी × लांबी, इंचांत): १ × ३० चा नवा लहान सॅंडर, बाजूला तबकडी असलेला ४ × ३६ चा सुतारी सॅंडर आणि एकाकडून मिळतोय तो जुना २ × ७२. शेवटी विचारलंय, कमीत कमी किती एचपी बघू?

एचपी नंतर बघू. आधी पट्टा बघा. मशीन एकदाच घ्याल, पण पट्टे दर सुरीला झिजणार. ज्या मापाचे पट्टे तुम्हाला सहज मिळत नाहीत, त्या मापाचं मशीन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. दुकानात जायच्या आधी एवढं करा: त्या मापात ३६ किंवा ४० नंबर, ६०, १२० आणि ४०० असे पट्टे मिळतात का (नंबर जितका मोठा तितके कण बारीक), आणि पहिले दोन सिरॅमिक कणांचे मिळतात का, हे तपासा. लाकडासाठी असतात ते तांबूस अॅल्युमिनियम ऑक्साइडचे पट्टेच मिळत असतील, तर पोलादावर ते फार लवकर बोथट होतात. बोथट पट्टा कापत नाही, नुसता तापवतो.

मापाचा दुसरा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. १ × ३० च्या पट्ट्याचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच, २ × ७२ चं १४४. म्हणजे जवळजवळ पाचपट. शिवाय दोन्ही पट्टे एकाच वेगाने पळत असले, तर आखूड पट्ट्यावरचा एकेक कण लांब पट्ट्यावरच्या कणाच्या सुमारे अडीचपट वेळा पोलादावर येतो. त्याला थंड व्हायला सवडच मिळत नाही. लहान सॅंडरवर पातं लवकर तापतं आणि पट्टे लवकर संपतात, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

म्हणून जुना २ × ७२ धड असेल तर तोच घ्या. रंग उडालेला, आधाराची पट्टी घासलेली, पट्टा फाटका, हे सगळं चालेल. पट्टा काढून प्रत्येक चाक हाताने फिरवा. खरखर ऐकू आली तर बेअरिंग बदलावं लागेल, ते काम सोपं आहे. चाक डोळ्यांना दिसेल इतकं डगमगत असेल तर मात्र सोडून द्या. मशीन धड नसेल, तर १ × ३० नि:संकोच घ्या. त्यावर उत्तम सुऱ्या होतात, वेळ जास्त लागतो इतकंच. २ × ४२ किंवा २ × ४८ चे पट्टे मिळत असतील तर तो चांगला मधला मार्ग. ४ × ३६ वर मूठ सपाट करणं, पात्याच्या बाजू साफ करणं छान होतं. पण ढाळ, म्हणजे धारेकडे उतरत जाणारी पात्याची बाजू, काढायला तो अवघड, कारण पट्टा रुंद, कड उघडी नाही, आणि ढाळ जिथे सुरू होतो ती रेषा डोळ्यांना दिसत नाही.

हातात धरायचा सुतारी सॅंडर बाकाला उलटा आवळायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. त्याच्या मोटरचा पंखा पोलादाचा चूर आत ओढतो, आणि पिशवीत आधीचा लाकडाचा भुसा असेल तर एक ठिणगी पुरते.

आता मशीन समोर आल्यावर काय बघायचं. पट्ट्यामागे जी सपाट पट्टी असते, प्लेटन, तिच्यावर पोलादी फूटपट्टी उभी धरा आणि मागून उजेड पाडा. मग अंगठ्याने प्लेटन दाबा. स्वस्त लहान सॅंडरमध्ये ती बहुधा पातळ पत्र्याची असते आणि दाबली की मागे जाते. माझ्या पहिल्या सॅंडरची अशीच होती. चार पाती मी त्यावर केली आणि चारही ढाळ पोटाशी फुगीर झाले. मला वाटायचं मनगट हलतंय. एकदा पाचव्या पात्याला फूटपट्टी लावली तर उजेडाची फट दोन्ही कडांना सारखी दिसली. मनगट असं दोन्हीकडे मोजून चुकत नाही. पत्रा काढून तिथे ६ मिलिमीटर जाडीची सपाट पोलादी पट्टी बसवली आणि पुढचा ढाळ पहिल्याच दिवशी सरळ आला. ही दुरुस्ती तुम्ही मशीन आणल्या आणल्या करा. पुढे त्या पट्टीवर सिरॅमिक काच चिकटवलीत तर ती बराच काळ झिजणार नाही.

पट्टा सरकवायचा स्क्रूही फिरवून बघा. पट्टा एका जागी मिनिटभर तरी टिकला पाहिजे. दर दहा सेकंदांनी तो कडेला पळत असेल तर बहुधा वरचं चाक वाकडं बसलंय. काम टेकवायचा टेकू आणि पट्टा यांमधली फट अगदी कमी करता आली पाहिजे, २ मिलिमीटरच्या आत. मोठ्या फटीत पात्याचं टोक ओढलं जातं.

वेगाचा हिशोब सोपा आहे: ३.१४ गुणिले चालवणाऱ्या चाकाचा व्यास गुणिले मिनिटाचे फेरे. १०० मिलिमीटरचं चाक आणि २८०० फेरे असतील तर मिनिटाला सुमारे ८८० मीटर. जाड काढायला हा वेग छान. पण शिकताना, धारेजवळ काम करताना आणि लाकडी मूठ घासताना याच्या निम्मा वेग असावा. ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलांची मोटर १४४० च्या आसपास फिरते, तिने तो आपोआप मिळतो. नाहीतर पायरीची, म्हणजे लहानमोठ्या व्यासांच्या खाचांची, पुली लावा. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं विजेचं उपकरण, हवा असेल तर मोटर थ्री फेजच लागते. कपॅसिटरवाल्या सिंगल फेज मोटरला तो लावायचा नाही, आणि पंख्याचा रेग्युलेटर तर अजिबात नाही.

तुमच्या एचपीच्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. एक इंची पट्ट्याला पाव ते तृतीयांश एचपी पुरते, कारण पट्टा अरुंद असल्याने थोड्या जोरातही दाब चांगला बसतो आणि सिरॅमिक कण कापत राहतात. दोन इंचीला किमान एक, जमलं तर दीड.

मशीन कुठलंही घ्या, सर्वात जपायचं ते पात्याचं पाणी, म्हणजे पोलाद लाल तापवून झटकन थंड करून आणलेला कडकपणा. पाणी देऊन झाल्यावर साध्या कार्बन पोलादाला आपण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेंपर करतो, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवतो. सॅंडरवर धारेजवळ वाळक्या गवतासारखा पिवळा रंग आला की तुम्ही त्या हद्दीला टेकलात. निळी झाक म्हणजे ३०० च्या आसपास, आणि तिथलं पाणी उतरलं. एकदा टोकाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा निळा ठिपका माझ्याकडून पडला. मी तो पॉलिशमध्ये घालवला, पण रंग गेला तरी मऊपणा राहिला. महिन्याभरात तेवढंच टोक वळलं, आणि शेवटी ६ मिलिमीटर कापून पातं आखूड करावं लागलं.

म्हणून पाणी द्यायच्या आधी जास्तीत जास्त काम उरका, धारेशी अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडी राखा. पाणी दिल्यावर नवा पट्टा, उघडे हात, शेजारी पाण्याची बादली आणि प्रत्येक फेरीनंतर पातं पाण्यात. हातमोजे घालू नका. बोटांना चटका बसतो तोच तुमचा थर्मामीटर, शिवाय मोजा पट्ट्यात अडकला तर हात सोबत जातो. टोकाकडे पातं पातळ असतं, ते आधी तापतं, तिथे रेंगाळू नका. शेवटची धार लावताना धार पट्ट्याच्या दिशेलाच असू द्या, उलटी धरलीत तर ती पट्ट्यात घुसते.

चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क पहिल्या दिवसापासून वापरा. लाकूड घासायला घेण्याआधी पोलादाचा चूर झाडून टाका.

पहिलं चांगलं पोलाद लगेच लावू नका. साध्या लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घ्या, कडेला शाई फासा, पट्टीच्या जाडीएवढाच ड्रिल बिट आडवा ठेवून त्याच्या टोकाने मधली रेघ ओढा आणि दोन्ही बाजूंचे ढाळ त्या रेघेवर भेटवायचा सराव करा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांची डावी बाजू सहसा मागे पडते, तिला जास्त वेळ द्या.

आणि त्या जुन्या २ × ७२ च्या मोटरवरची पाटी वाचून फेरे, फेज आणि एचपी कळवा, सोबत चालवणाऱ्या चाकाचा व्यास. त्यावरून तो घ्यावा की नाही, ते नेमकं सांगता येईल.