सोळांपेक्षा आठ कोअर सरस कसे?

प्रश्न : मला गेम खेळण्यासाठी नवा संगणक जुळवून घ्यायचा आहे. रायझन ९ ७९५०एक्स३डी या प्रोसेसरमध्ये १६ कोअर (हिशेब करणारे स्वतंत्र भाग) आहेत, तर रायझन ७ ७८००एक्स३डीमध्ये ८. तरीही माझा मित्र ८ कोअरचाच घ्यायला सांगतो. दुप्पट कोअरचा गेमला उपयोग का होत नाही?
– एक वाचक

उत्तर : संगणक केवळ गेमसाठी असेल, तर मित्राचे ऐकावे. पडद्यावर सेकंदाला १४४ फ्रेम (चित्रे) हव्या असतील, तर एका फ्रेमचे सगळे काम जेमतेम ७ मिलिसेकंदांत उरकावे लागते. आणि त्यातला बराचसा भाग आधीच्या हिशेबाच्या उत्तरावर अवलंबून असल्याने तो १६ जणांत सारखा वाटून देता येत नाही. शिवाय पात्रे, गोळ्या, भिंती यांची माहिती मेमरीत विखुरलेली असते. हवी ती माहिती एल३ कॅशेत, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या पण जलद मेमरीत सापडली, तर साधारण १० नॅनोसेकंदांत हाती येते. रॅमपर्यंत जावे लागले, तर ७०-८० नॅनोसेकंद लागतात आणि तोवर कोअर बहुतेक वेळा नुसता ताटकळतो. ७८००एक्स३डीमध्ये मूळच्या ३२ एमबी कॅशेवर ६४ एमबीचा आणखी एक थर चढवून एकूण ९६ एमबी कॅशे आठही कोअरना सामाईक दिली आहे, ती हे ताटकळणे कमी करण्यासाठीच.

७९५०एक्स३डीचे १६ कोअर मात्र आठ-आठ असे दोन चिपमध्ये विभागलेले आहेत आणि तो जादा थर त्यांपैकी एकाच चिपवर आहे. गेमचे काम दोन्हीकडे पांगले, तर एका बाजूच्या कोअरला दुसऱ्या बाजूची माहिती मधल्या इनपुट-आउटपुट चिपमधून वळसा घालून मिळवावी लागते. म्हणूनच गेम सुरू असताना ड्रायव्हर (प्रोसेसर हाताळणारे सॉफ्टवेअर) आणि विंडोज मिळून शक्यतो कमी कॅशेची चिप झोपवून ठेवतात. ज्या आठ कोअरसाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजाल, ते ऐन खेळाच्या वेळी बाजूला बसलेले असतील.

रचनेचे महत्त्व २०२० मधल्या एका जोडीत फार स्पष्ट दिसते. रायझन ३ ३१०० आणि ३३००एक्स या दोहोंत ४ कोअर आणि एकूण १६ एमबी एल३ कॅशे. पण ३१००मध्ये दोन-दोन कोअरचे दोन गट आणि प्रत्येकाला ८ एमबी, तर ३३००एक्समध्ये चारही कोअर एकत्र आणि पूर्ण १६ एमबी सर्वांची. गेममध्ये ३३००एक्स सरस ठरला. त्याचा क्लॉक स्पीडही (कोअरच्या कामाचा वेग) अधिक होता, त्यामुळे सगळे श्रेय रचनेला देता येणार नाही. त्याच वर्षी आलेल्या झेन ३ या नव्या प्रोसेसर-रचनेत रायझन बनवणाऱ्या एएमडीने आठ कोअर एकाच ३२ एमबी कॅशेभोवती आणले.

व्हिडिओ रेंडरिंगसारखे काम रोजचे असेल, तर १६ कोअर जरूर घ्या. फोर-के पडद्यावर खेळणार असाल, तर बहुधा ग्राफिक्स कार्डच आधी थकते. हाताशी असलेल्या संगणकावर गेमचे रिझोल्यूशन कमी करून पाहा : फ्रेम वाढल्या, तर कार्ड कमी पडते आहे, तितक्याच राहिल्या, तर बहुतेक प्रोसेसर.