फियाटच्या पोटाखालचे पाइप: दुरुस्ती की फेरफार?

प्रश्न: वकीलसाहेब, आमच्या वडिलांची 1971 ची फियाट अजून चालू आहे, आरसीचे नूतनीकरणही झालेले आहे. खालचा पत्रा आणि दारांखालचे सिल गंजले म्हणून गाडी गॅरेजला दिली. मिस्त्रींनी गंजका पत्रा बदललाच, शिवाय मला न विचारता पुढच्या मेंबरपासून (आडव्या आधारापासून) मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) आधारापर्यंत दोन्ही बाजूंना चौकोनी पाइप वेल्ड केले. ‘हिला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार पत्र्यावर. आता काही हलत नाही,’ म्हणाले. गाडी खरोखर घट्ट झाली, दारेही नीट लागतात. पण बिलावर ‘चासी मॉडिफिकेशन’ लिहिले आहे आणि मला तर गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची आहे. एजंट म्हणतो, बिल बदलून घ्या, गाडीखाली वाकून कोण बघतो? काय करावे?

उत्तर: आधी बिलाचे बोलू, कारण तुमच्या हातून चूक होण्याची खरी जागा तीच आहे. बिल बदलून घेऊ नका. आज तुमच्याकडे जे आहे ते एका अतिउत्साही मिस्त्रीचे काम आहे. बदललेले बिल अर्जाला जोडलेत की तो तुमचा खोटा दस्तऐवज होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55(5) प्रमाणे खोट्या माहितीवर मिळवलेली नोंदणी रद्द होते. तेव्हा पाइपांचा प्रश्न बाजूलाच राहील.

आता पाइप. कलम 52 म्हणते की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीतले तपशील विसंगत होतील असा फेरफार मालकाने करू नये. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात फेरफाराची व्याख्या आहे: रचनेतला असा बदल, ज्यामुळे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल होतो. म्हणजे दोन्ही गोष्टी हव्यात. गंजलेले सिल कापून त्याच जाडीचा, त्याच आकाराचा पत्रा बसवणे ही सरळ दुरुस्ती आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पाइप मात्र कंपनीने कधी बसवलेच नव्हते. युनिबॉडी गाडीत बॉडी हीच चासी असल्यामुळे ‘मी चासीला हातच लावला नाही’ असे म्हणायची सोयही उरत नाही. रचनेत बदल झाला, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल.

मूलभूत वैशिष्ट्य बदलले का, हा खरा वाद. तिथे तुमची बाजू बरी आहे. इंजिन तेच, व्हीलबेस तोच, आसने तेवढीच, बाहेरून आकार तोच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलांविरुद्ध गाडी बदलता येणार नाही असे ठामपणे सांगितले, पण भर नोंदणीसाठी उत्पादकाने दिलेल्या तपशिलांवर होता. त्यातला एकच तपशील तुमच्या बाबतीत हलतो, तो म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन. म्हणून गाडी काट्यावर चढवा आणि पावती ठेवा. आरसीतल्या आकड्याशी फरक किती हे कागदावर असेल, तर युक्तिवादाला धार येते. तरी एखादा अधिकारी उलट मत घेऊ शकतो आणि ते मत अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

तसे झाले तर 2019 च्या कायदादुरुस्तीने आलेले कलम 182अ लागते. अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. (दोन पाइप म्हणजे एक फेरफार की दोन, यावर वकील मंडळी दिवसभर भांडू शकतील.) गॅरेजवाल्याला मात्र धोका जास्त आहे. कायद्याच्या व्याख्येत वाहनदुरुस्ती करणाराही ‘डीलर’मध्ये मोडतो आणि डीलरसाठी दंड वाहनामागे एक लाख रुपये, शिवाय वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. बिल बदलून द्यायला ते तयार झाले तर कारण हे असू शकते.

व्हिंटेज नोंदणीचा रस्ता मात्र पाइप असेपर्यंत बंद आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 81अ पासून पुढे जे नियम आले, त्यांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि ‘सब्स्टॅन्शियल ओव्हरहॉल’ (मोठी फेरबांधणी) न झालेली गाडीच व्हिंटेज. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनातला बदल त्या ओव्हरहॉलमध्ये स्पष्ट शब्दांत धरला आहे. इथे कलम 52 सारखा ‘मूलभूत वैशिष्ट्य’ हा आडोसा नाही. आणि एजंटाला सांगा, या नोंदणीसाठी गाडीची तपासणी होते. जुन्या गाड्यांचे जाणकार सगळ्यात आधी खालीच वाकतात.

तेव्हा निवड तुम्हालाच करायची आहे. गाडी रोजच्या वापरात ठेवायची असेल तर मी व्हिंटेजचा नाद सोडायला सांगेन. व्हिंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मग परवानाधारक मोटार सर्व्हेयरचा अहवाल घ्या, वजनाची पावती, गंजाचे आणि कामाचे फोटो जोडा आणि आरटीओला लेखी कळवा. कलम 52 मध्ये यासाठी 14 दिवसांची मुदत आहे; ती उलटली असली तरी स्वतःहून कळवणे तपासणीत सापडण्यापेक्षा बरे. पत्राचा मसुदा आधी वकिलाला दाखवा. पत्रात ‘बेकायदेशीर फेरफार केला’ असे स्वतःच्याच हाताने लिहू नका, ‘गंजामुळे कमकुवत झालेल्या भागाला आधार दिला’ असे घडले तसे लिहा. नोंदणी निलंबित करायची तर आधी तुमचे म्हणणे ऐकावे लागते, आणि आदेश विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत कलम 57 खाली अपील आहे.

व्हिंटेजच हवी असेल तर पाइप काढावे लागतील, पण उद्या सकाळी ग्राइंडर लावू नका. काम करताना गाडीचे वजन चाकांवर होते की ती जॅकवर लटकत होती, हे मिस्त्रींकडून लिहून घ्या. बॉडी वाकलेल्या अवस्थेत पाइप बसले असतील तर ती त्याच आकारात जखडली गेली आहे, आणि ते कापल्यावर आज नीट लागणारी दारे अडकू शकतात. सलग वेल्ड आहे की ठिकठिकाणी टाके, यावर पातळ पत्रा किती वाचेल ते ठरेल. कापण्याआधी आणि नंतर फोटो काढा, आणि अर्जात पाइप बसवले होते व काढले हे लपवू नका. व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीने तरीही नकार दिला तर मला आश्चर्य वाटणार नाही. बॉडीवर ठोकलेल्या चासी नंबरजवळ तर ग्राइंडर, पुट्टी, रंग काहीच नको. तो नंबर आरसीशी जुळला नाही तर नोंदणी रद्द होते.

गॅरेजविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येईल. न सांगितलेले काम करून त्याचे पैसे लावणे ही सेवेतली त्रुटी आहे आणि मुदत दोन वर्षांची आहे. फक्त ‘गाडी घट्ट झाली, दारे नीट लागतात’ हे तुमचे वाक्य मिस्त्रींना पाठवलेल्या मेसेजमध्येही असेल, तर ते त्यांचे वकील पहिल्याच तारखेला वाचून दाखवतील.

विमा कंपनीलाही आजच लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला त्यांना कारण मिळते, आणि तिसऱ्या व्यक्तीला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करण्याचा प्रयत्नही होऊ शकतो. कळवल्याची पोच येईपर्यंत गाडी दारातच राहू द्या.