पेन्शन, ईएसआय आणि पाच लाखांचं कार्ड: पैसे नक्की कोण भरतंय?

फिरून फिरून तेच प्रश्न येतायत आणि निम्म्यांच्या मुळाशी कुठलातरी व्हॉट्सॲप फॉरवर्ड असतो, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतेय.

प्रश्न: मी 2006 मध्ये राज्य शासनाच्या सेवेत लागले, पण भरतीची जाहिरात जून 2005 ची होती. मला जुनी पेन्शन मिळेल का?

जाहिरात आधीची पण नेमणूक नवी पेन्शन योजना आल्यानंतरची, अशा लोकांसाठी राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये जीआर काढून जुनी पेन्शन हवी का याचा विकल्प सहा महिन्यांत द्यायला सांगितलं होतं. तुमचा विकल्प गेला होता का ते सर्व्हिस बुकात बघा आणि आस्थापना शाखेकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी नको.

प्रश्न: मार्च 2023 च्या संपात मीही होतो. आयुष्यभर नोकरी करायची आणि पेन्शन शेअर बाजारावर सोडायची? जुनी पेन्शन द्यायला सरकारला काय अडचण आहे?

तुमची भीती खरी आहे, म्हातारपणी दर महिन्याला किती येणार ते आधी कळलंच पाहिजे. पण जुन्या पेन्शनसाठी कुठेही वेगळा फंड नव्हता, त्या त्या वर्षीच्या तिजोरीतूनच वाटप व्हायचं, म्हणजे तुमची पेन्शन तुमच्या मुलांच्या करातून. राजस्थान, हिमाचलने परत जुनी योजना आणली तेव्हा एनपीएसमध्ये (बाजारात पैसे गुंतवणाऱ्या नव्या पेन्शन योजनेत) साठलेले पैसे मागितले आणि केंद्राने ते द्यायला नकार दिला. केंद्राच्या यूपीएसमध्ये (एकीकृत पेन्शन योजनेत) पगाराच्या हिशोबाने कर्मचाऱ्याचे 10 टक्के, सरकारचे 18.5 टक्के, आणि 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. मला हा रस्ता जास्त बरा वाटतो कारण आश्वासनही आहे आणि पैसेही आजच बाजूला पडतात. पण तुम्ही कुठला पर्याय घ्यावा हे तुमची उरलेली वर्षं बघून ठरेल, ऑफिसात सगळे घेतायत म्हणून सही करू नका, आधी हिशोब मांडून घ्या.

प्रश्न: वडील 2013 ला सूतगिरणीतून रिटायर झाले, 15 वर्षं सर्व्हिस, पेन्शन 1,400 सुद्धा नाही. ईपीएस-95 ची (पीएफ कार्यालयाकडून मिळणाऱ्या पेन्शन योजनेची) किमान पेन्शन 7,500 मंजूर झाली असा मेसेज आलाय, कधीपासून मिळेल?

तो मेसेज खोटा आहे. मी हे लिहितेय तोवर किमान पेन्शन 1,000 च आहे, सप्टेंबर 2014 पासून तीच. हा मेसेज मला इतक्यांदा आलाय आणि दरवेळी कुणाच्या तरी आई-वडिलांनी त्यावर आशा लावलेली असते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वडिलांचा आकडा बरोबर आहे. तेव्हा पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा 6,500 होती, त्याला 15 वर्षांनी गुणा आणि 70 ने भागा, 1,393 येतात. त्याला महागाईभत्ता जोडलेला नाही, त्यामुळे 2013 चे 1,393 आजही 1,393 च. गोळ्या-औषधं, गॅस, भाडं सगळं वाढलं आणि माणूस तिथेच राहिला, हे मला अजिबात मान्य नाही, आणि बुलढाण्यात जे म्हातारे वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसले त्यांची मागणी रास्तच आहे.

पण पैसे कुठून येणार हे कुणी सांगत नाही. कामगाराचे 12 टक्के सगळे पीएफला जातात. मालकाच्या 12 मधले 8.33 टक्के पेन्शनला, आणि तेही मर्यादेतल्या पगारावर, म्हणजे तेव्हा महिन्याला 541 रुपये आणि 2014 ला मर्यादा 15,000 झाल्यावर 1,250. सरकार वरून 1.16 टक्के घालतं, 15,000 वर ते 174 रुपये होतात. पेन्शनर 75 लाखांच्या वर आहेत. प्रत्येकाला महिन्याला फक्त 1,000 वाढवले तरी वर्षाला 9,000 कोटी लागतात. हे आज नोकरी करणाऱ्यांच्या फंडातून उचलले तर उद्या त्यांना काय देणार? म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे, वाढ बजेटमधून द्या, तशी तरतूद करा, आणि मर्यादा व 1.16 टक्के दोन्ही वाढवा. निवडणूक आली की आश्वासन आणि नंतर समिती, यात माणसं वाट बघत जातात हो.

वडिलांचं पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि सर्व्हिसच्या तारखा पीएफ कार्यालयात एकदा तपासून घ्या, तारखा चुकलेल्या मी बऱ्याच पाहिल्यात. वाढीव पेन्शनचा फॉर्म म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न: 6 वर्षांनी नोकरी सोडली. एजंट म्हणतो पेन्शनचे पैसेही काढून देतो, 10 टक्के घेईन. देऊ का?

नाही. पेन्शनला एकूण 10 वर्षं लागतात आणि तुमची 6 झालीत, ती उचलली की पुन्हा शून्यापासून सुरुवात. नवीन नोकरी लागणार असेल तर त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर करा, नाहीतर 10सी फॉर्म भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे ही 6 वर्षं पुढे धरली जातात. क्लेम ऑनलाइन स्वतःलाच करता येतो, अडलं तर पीएफ कार्यालयात जा, एजंट कशाला?

प्रश्न: पगार 21,000 च्या वर गेला. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लगेच बंद होतं का?

नाही, चालू सहामाही संपेपर्यंत (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) कपात आणि उपचार दोन्ही चालू राहतात, एचआरला विचारा.

प्रश्न: आई 72 वर्षांची आहे, पाच लाखांचं आयुष्मान कार्ड निघालंय. आता तिचा मेडिक्लेम बंद करू का? हप्ता फार झालाय.

घाईने करू नका. ऑक्टोबर 2024 पासून 70 आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, हे कार्ड मिळतं आणि खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. पण कार्ड फक्त पॅनेलवरच्या हॉस्पिटलात आणि ॲडमिट झाल्यावर ठरलेल्या उपचारांनाच चालतं, रोजच्या ओपीडीला नाही. शिवाय हे पैसे केंद्र आणि राज्य करातून देतात आणि हॉस्पिटलांची बिलं थकली की ती पेशंटला टाळायला लागतात, ही माझी कायमची काळजी आहे. या वयात पॉलिसी एकदा सोडली की परत मिळणं कठीण. आधी घराजवळचं कुठलं हॉस्पिटल पॅनेलवर आहे आणि आईच्या आजाराचं पॅकेज तिथे आहे का ते बघा, तिच्या डॉक्टरांशी बोला, मग हप्ता कमी करायचे पर्याय कंपनीला विचारा. कार्ड असूनही डिपॉझिट मागितलं तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा, 14555 ला फोन करा, आणि तरी भरावेच लागले तर पक्की पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.