शांता हुबळीकर आणि नाटकातून बोलपटात आलेल्या नट्या

तुमचा प्रश्न असा, की नाटकातून सुरुवातीच्या बोलपटात गेलेल्या नट्यांचं करियर नेमकं कसं असायचं, आणि 'माणूस' सिनेमातल्या नटी शांता हुबळीकरांचं नाव 'कशाला उद्याची बात' ह्या एकाच गाण्यामुळे का राहिलं. दोन्हीचं उत्तर एकत्रच देते, कारण मला ते वेगळं करता येत नाही.

मी अमळनेरची, शाळेतल्या पोरींची नाटकं बसवते, राज्य नाट्य स्पर्धेला जळगाव केंद्रावर पण काम केलंय. त्यामुळे ह्या बायांकडे मी हिरॉइन म्हणून कमी आणि स्टेजवर उभी राहणारी बाई म्हणून जास्त बघते.

आधी काळ समजून घ्या. पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' मार्च 1931 ला आला आणि मराठीत प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' 1932 ला. तोपर्यंतच्या मूकपटात चेहरा आणि हावभाव चांगले असले की भागायचं, नटीला कुठली भाषा येते हे कोणी विचारत नव्हतं. बोलपट आला आणि एका झटक्यात कंपन्यांना अशी माणसं लागायला लागली ज्यांना पाठांतर आहे, उच्चार स्वच्छ आहेत आणि गळा आहे. गळा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पार्श्वगायन नव्हतंच. ते 1935 ला कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधे सुरू झालं आणि सगळीकडे रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे जी पडद्यावर दिसते तीच गाणार, तेही शूटिंग चालू असताना, वादक मंडळी कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने कुठेतरी आडोशाला बसलेली, वर माइक टांगलेला, आणि शेवटच्या ओळीला कोणाचा सूर हलला किंवा कोणी खोकलं की सगळं पहिल्यापासून. आज आमच्याकडे अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ किती निघतात बघा, त्यात ऑर्केस्ट्रातल्या, तमाशातल्या कलाकार बाया पण असतात, पण गाणं आधी रेकॉर्ड झालेलं असतं आणि बहुतेक वेळा गाणारी दुसरीच असते. 1932-33 मधे ही सोय नव्हती. अशी तयारी असलेली बाई त्या वेळी एक तर नाटक कंपनीत सापडायची नाहीतर गाण्याच्या बैठकीत.

शांताबाई त्यातल्याच. जन्म 1914 चा, हुबळीजवळच्या अदरगुंचीचा, मूळ नाव राजम्मा, लहानपणीच आईवडील गेले. सुरुवात कन्नड नाटक कंपनीत, नंतर कोल्हापुरात येऊन सिनेमा आणि मग पुण्याला प्रभात. आता ह्यात एक गोष्ट लोक सहज ओलांडून जातात आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. ही मुलगी घरी कन्नड बोलणारी, आणि प्रभातमधे तिला मराठीत आणि हिंदीत उभं राहायचं होतं, कारण प्रभात बरेच सिनेमे दोन्ही भाषांत वेगवेगळे शूट करायची. घरी अहिराणीत 'शे' बोलणाऱ्या आमच्या पोरी स्टेजवर मराठीतलं 'आहे' बोलायला लागतात तेव्हा काय होतं ते मी दर वर्षी बघते, पोरगी शब्द बरोबर बोलते पण अंग आखडतं, हात कुठे ठेवायचे कळत नाही, सगळं लक्ष जिभेवर. शांताबाईंना तर आख्खी भाषाच बदलायची होती, आणि 'माणूस'मधे त्यांचं अंग कुठेच आखडलेलं दिसत नाही. हे नुसत्या टॅलेंटने होत नाही हो, कंपनीत रोज रात्री उभं राहिल्याने होतं.

प्रभातमधे त्यांचा 1938 चा 'माझा मुलगा' आला, दिग्दर्शक के. नारायण काळे, आणि लगेच 1939 ला व्ही. शांतारामांचा 'माणूस', हिंदीत 'आदमी'. दोन्हीकडे समोर शाहू मोडक. पुढचं वाचण्याआधी सांगते, गोष्ट सांगतेय, बघायचा असेल तर हा परिच्छेद सोडा. गणपत हा सरळमार्गी पोलिस शिपाई, धाडीच्या वेळी त्याला मैना भेटते, कोठ्यावरची बाई. तो तिला वाचवतो, प्रेमात पडतो, घरी आईसमोर नेतो, आणि तिला मात्र ह्या घरात आपली जागा आहे ह्यावर विश्वासच बसत नाही. शेवटी तिला छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो आणि ती शिक्षा भोगायला जाते, गणपत सोडवायला तयार असताना सुद्धा.

आता ते गाणं, 'कशाला उद्याची बात'. अनंत काणेकरांचे शब्द, मास्टर कृष्णरावांची चाल, आणि मैना ते समोर बसलेल्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या गिऱ्हाइकांसाठी वेगवेगळ्या भाषांत म्हणते. गाजायचं कारण उघड आहे, चाल एकदा ऐकली की सुटत नाही आणि आख्ख्या देशाला आपापल्या भाषेचा तुकडा त्यात सापडला. पण नाटकवाली म्हणून मला त्यात दिसतं ते असं की नाटकातलं गाणं ताणायचं असतं, लोक वन्समोअर देणार, नट पुन्हा नवीन जागा घेणार, एक पद दहा-पंधरा मिनिटं चालणार. सिनेमात ते चालत नाही. हजार फुटाचं एक रीळ अकरा मिनिटांत संपतं, आणि गाण्याची तबकडी काढायची तर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळतात, संपला विषय. शांताबाई त्या मापात गातात आणि तरी घाई वाटत नाही, शब्द फेकत नाहीत, नजरेने एकेका गिऱ्हाइकाला उचलतात. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेल्या बाईला माइकसमोर आवाज खाली आणणं किती जड जातं! आमच्या पोरी मोबाइलवर सीन शूट करताना सुद्धा ओरडतात, त्यांना पाच वेळा सांगावं लागतं की माइक इथे आहे, हळू बोल.

आणि गाण्यापेक्षाही मला आईसमोरचे प्रसंग मोठे वाटतात. गणपतच्या आईचं काम करणाऱ्या बाई कोण, तर सुंदराबाई, बैठकीच्या गाण्यातलं मोठं नाव, 'एकच प्याला' नाटकातल्या चाली त्यांच्याकडून आलेल्या. म्हणजे एकाच फ्रेममधे दोन पिढ्यांच्या दोन गाणाऱ्या बाया उभ्या, आणि दोघी किती कमी करतात बघा. मास्टर कृष्णराव हे बालगंधर्वांच्या 'गंधर्व नाटक मंडळी'तले, काणेकर आणि काळे 'नाट्यमन्वंतर' ह्या नाटक संस्थेचे. प्रभातचा पडदा बऱ्यापैकी नाटकवाल्यांच्या खांद्यावर उभा होता असं मी म्हणते ते ह्याच्यासाठी.

पण नाटकात मोठं नाव म्हणजे सिनेमात पण मोठं, असं अजिबात नव्हतं. बालगंधर्वांचंच बघा. आमच्या जळगावला खुलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे, एवढा माणूस, पण 1935 ला प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते एकनाथ म्हणून पुरुषवेशात आले, आणि लोकांच्या डोळ्यांत नाटकातल्या त्यांच्या स्त्रीभूमिका, त्यांची भामिनी आणि सिंधू, बसलेली होती. प्रभातशी जोडी काही टिकली नाही. गायिका हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसोबत स्वतःची नाटक मंडळी चालवली जिथे बायांच्या भूमिका बायाच करायच्या, नंतर 'सुवर्ण मंदिर'सारखे सिनेमे पण केले, पण त्या खऱ्या रमल्या मैफलीतच आणि 1970 चं पद्मभूषण मिळालं ते गाण्यासाठी. उलट लीला चिटणीस. नाट्यमन्वंतरच्या रंगभूमीवरून आल्या, शिकलेल्या, 1939 ला बॉम्बे टॉकीजच्या 'कंगन'ने हिंदीत स्टार झाल्या, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, आणि वय वाढल्यावर 'आवारा', 'गाइड'मधे आईच्या भूमिका घेऊन टिकून राहिल्या. त्यांचं करियर सगळ्यात लांब चाललं ते मुख्यतः ह्या आईच्या भूमिकांमुळे असं माझं मत.

शांताबाईंना ती दुसरी इनिंग मिळाली नाही. 'माणूस'नंतर लग्न झालं, 1941 ला 'घरजावई' आला, विनोदी, दामुअण्णा मालवणकरांसोबत, आणि त्यानंतर मैनाच्या तोडीची भूमिका हातात आलीच नाही. गातं पात्र वेगळं आणि गळा वेगळा ही पद्धत तोवर पक्की होत चालली होती, म्हणजे त्यांची जी खास तयारी होती तिची किंमतच बाजारात कमी होत गेली. नाटक कंपनीत नट म्हातारा झाला तरी कंपनीसोबत असायचा, पंगतीत ताट असायचं. सिनेमात असं काही नव्हतं. उतारवयात त्या आश्रमात राहिल्या. आत्मचरित्राला नाव त्या गाण्याचंच दिलं, 1992 ला गेल्या. लोक त्यांना एका गाण्याची नटी म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांना पुढच्या भूमिकाच कोणी दिल्या नाहीत, आणि दोष मात्र त्यांच्या नावावर.

बघायचं असेल तर 'माणूस' आधी बघा, आणि जमलं तर त्याच आठवड्यात 'आदमी'. तीच बाई, तेच प्रसंग, भाषा दुसरी. गाण्याच्या आधी ती कशी बसलीय आणि संपल्यावर चेहरा कधी बदलतो तेवढं दोन्हीकडे लक्ष देऊन बघा, आणि कुठल्या भाषेत त्या जास्त मोकळ्या वाटल्या ते मला कमेंटमधे नक्की सांगा, मला मराठीत वाटल्या.