नवी आवृत्ती, जुने खेळाडू

प्रश्न : आम्ही काही मित्र दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ खेळतो. २०२४ ची नवी नियमपुस्तके आल्यापासून आमच्यात दोन तट पडले आहेत. गटातले एक ज्येष्ठ खेळाडू सांगतात, की २००८ मध्ये याहून फार मोठी फूट पडली होती. नियमांवरून एवढे वितुष्ट कसे येते, आणि तेव्हा नेमके काय घडले होते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : २००८ ची फूट समजून घ्यायची, तर आधी २००० सालाकडे जावे लागते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये टीएसआर या कंपनीने बाजारात आणला. १९९७ मध्ये ती कंपनी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढली. त्या आवृत्तीसोबत ‘ओपन गेम लायसन्स’ नावाचा एक परवानाही आला. खेळाचे मूळ नियम वापरून इतर प्रकाशकांनाही पुस्तके छापता यावीत, म्हणजे पूरक साहित्य वाढेल आणि त्यामुळे मूळ नियमपुस्तकांचा खप वाढेल, असा त्यामागचा हिशेब होता. काही वर्षे तो बरोबरही ठरला. २००३ मध्ये ‘साडेतीन’ म्हणून ओळखली जाणारी सुधारित आवृत्ती आली तेव्हा पुन्हा खर्च करावा लागल्याची कुरकुर झाली, पण खेळाचा सांगाडा तोच असल्यामुळे प्रकरण तिथेच मिटले.

चौथ्या आवृत्तीची घोषणा ऑगस्ट २००७ मध्ये झाली आणि पुस्तके जून २००८ मध्ये आली. तिसऱ्या आवृत्तीत एक खरा दोष होता : पात्रे वरच्या पातळीवर पोहोचली, की जादूगारापुढे योद्धा अगदीच निष्प्रभ होत असे. नव्या रचनाकारांनी त्यावर उपाय म्हणून सर्वच वर्गांना, म्हणजे योद्धा, जादूगार अशा पात्रप्रकारांना, एका साच्यातल्या शक्ती दिल्या. काही हव्या तेव्हा वापरायच्या, काही प्रत्येक चकमकीत एकदा, तर काही दिवसातून एकदा. चकमकींचा समतोल साधण्याच्या बाबतीत चौथ्या आवृत्तीइतके नेटके काम या खेळात दुसरे झालेले नाही, असे मला आजही वाटते. परंतु सकाळी निवडक मंत्र मनात साठवणारा जादूगार आणि दिवसभर तलवार चालवणारा योद्धा यांच्या खेळण्याच्या रीतीच वेगळ्या असणे हाच ज्यांच्या लेखी या खेळाचा प्राण होता, त्यांना रोगाबरोबर रोगीही गेल्यासारखे वाटले.

त्यात भर म्हणून पहिल्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधून नोम व हाफ-ऑर्क हे वंश आणि बार्ड, ड्रुइड व मंक हे वर्ग गायब होते, पात्रांच्या नैतिक प्रवृत्तींची संख्या नवावरून पाचावर आली होती आणि ‘फरगॉटन रेल्म्स’ या लोकप्रिय काल्पनिक जगाचा काळ सुमारे शंभर वर्षे पुढे ढकलला होता. ज्यांचे कॅम्पेन, म्हणजे अनेक सत्रांतून पुढे जाणारी सलग कथा, अनेक वर्षे चालू होते, त्यांना आपली पात्रे जशीच्या तशी नव्या नियमांत नेता येईनात.

एवढ्यावरून फक्त नाराजी झाली असती. तिची फूट झाली ती परवान्यामुळे. पायझो ही कंपनी २००२ पासून ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ ही या खेळाची दोन मासिके प्रसिद्ध करीत होती, तो करार २००७ मध्ये संपला. चौथ्या आवृत्तीसाठीचा नवा परवाना लांबत गेला आणि आला तोही बराच जाचक अटींसह. पायझोने त्याची वाट न पाहता मार्च २००८ मध्ये, साडेतीनच्या नियमांवर आधारलेला ‘पाथफाइंडर’ हा स्वतःचा खेळ जाहीर केला, त्याचे कच्चे नियम खेळाडूंसमोर चाचणीसाठी ठेवले आणि ऑगस्ट २००९ मध्ये ५७६ पानांचे मुख्य पुस्तक बाजारात आणले. २००० सालच्या परवान्यानुसार हे सर्व कायदेशीर होते. २०११ पर्यंत खेळ-व्यवसायाच्या बातम्या देणाऱ्या आयसीव्हीटूच्या क्रमवारीत पाथफाइंडर मूळ खेळाच्या पुढे गेला. (ही क्रमवारी मुख्यतः अमेरिकेतील दुकानदार आणि वितरक यांच्या सांगण्यावर ठरते, त्यामुळे तिला एकूण विक्रीचा आकडा समजू नये.)

१९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हाही ती न पटलेले खेळाडू होतेच. पण त्यांच्यासाठी जुन्या नियमांची नवी पुस्तके छापणारे कोणी नव्हते, त्यामुळे ते आपापल्या घरी जुनी पुस्तके घेऊन खेळत राहिले. २००८ मध्ये मात्र नाराजांना जायला दुसरे घर होते आणि त्या घराचा दरवाजा मूळ कंपनीनेच आठ वर्षांपूर्वी बसवून दिला होता.

प्रश्न : जुनी पुस्तके कपाटात आहेत, ती कोणी काढून नेत नाही. मग नव्या आवृत्तीवर चिडण्याचे कारण काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुस्तक एकट्याने वाचता येते, हा खेळ मात्र सहसा चार-पाच जण ठरल्या वेळी जमले तरच होतो. नवा खेळाडू दुकानात जातो तेव्हा त्याला नवे पुस्तक मिळते, आणि दुकानांतून वा संमेलनांतून होणारे संघटित खेळही नव्या नियमांकडे वळतात. तिसऱ्या आवृत्तीच्या काळातील ‘लिव्हिंग ग्रेहॉक’ हे जगभर पसरलेले सामायिक कॅम्पेन २००८ मध्ये बंद झाले, आणि त्याच वर्षी पायझोने ‘पाथफाइंडर सोसायटी’ सुरू केली. शिवाय एप्रिल २००९ मध्ये विझार्ड्सने, बेकायदा प्रतींचे कारण देऊन, जुन्या आवृत्त्यांसह आपल्या सर्व पुस्तकांच्या पीडीएफची विक्री थांबवली, ती २०१३ मध्येच पुन्हा सुरू झाली. म्हणजे कपाटाबाहेर जुने पुस्तक मिळवणेही काही काळ अवघड होते.

आणखी एक कारण आहे, ते फारसे कोणी उघडपणे मान्य करीत नाही. तिसऱ्या आवृत्तीचे नियम किचकट होते आणि ते ज्यांना मुखोद्गत होते, त्यांना गटात मान होता. नवी आवृत्ती आली की असा माणूस एका दिवसात नवख्यांच्या रांगेत येतो. त्याचा राग नियमांवर निघतो खरा, पण त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते.

प्रश्न : २०२४ च्या पुस्तकांमुळेही तशीच फूट पडेल का? आणि आमच्यासारख्या गटाने काय करावे?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर : तशी फूट पडेल असे मला वाटत नाही. पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये येण्यापूर्वी विझार्ड्सने जवळपास दोन वर्षे जाहीर चाचणी घेतली होती, तो २००८ चाच धडा होता. २०२४ च्या पुस्तकांत शस्त्रांचे नवे नियम आहेत आणि क्षमतांमधील वाढ वंशाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली आहे. तरीही २०१४ नंतरची साहसे, म्हणजे खेळण्यासाठी छापलेली तयार कथानके, त्यांच्यासह खेळता येतात. पाचव्या आवृत्तीच्या काळातला खरा भडका जानेवारी २०२३ मध्ये उडाला आणि तो नियमांवरून नव्हे, तर परवान्यावरून. २००० चा परवाना रद्दबातल ठरवण्याचा आणि मोठ्या प्रकाशकांकडून स्वामित्वधन घेण्याचा मसुदा बाहेर फुटला, खेळाडूंनी जोरदार विरोध केला आणि महिना संपण्याआधी कंपनीला माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या, सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली खुले करावे लागले. आता कोणालाही त्या नियमांवर पुस्तक काढता येते, म्हणजे नाराजांची सोय आधीच झालेली आहे.

आपल्या गटाबद्दल सांगायचे, तर चालू कॅम्पेन ज्या नियमांनी सुरू झाले त्याच नियमांनी संपवावे. मध्येच बदल केला, की प्रत्येक सत्रातला पहिला तास वादात जातो. पुढच्या कॅम्पेनचे नियम जो डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, होणार असेल त्याने ठरवावेत, कारण तयारीचा सगळा भार त्याच्यावर असतो. जुन्या नियमांचा ज्यांना फारच आग्रह असेल, त्यांच्यापैकी एकाने ते पद स्वीकारावे.