गाडी तीच, पार्ट सगळे बदललेले, मग अस्सल कुणाला म्हणायचं?

मागच्या अंकात जुन्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतींवर लिहिलं होतं, म्हणजे इंग्लंडमधलं गुडवुड रिव्हायव्हल, मोनॅकोची हिस्टॉरिक ग्रां प्री, फ्रान्समधलं ल माँ क्लासिक, जिथं साठ-सत्तर-नव्वद वर्षांच्या गाड्या आजही जीव तोडून पळवतात. त्यावर आलेल्या बऱ्याच प्रश्नांचा सूर एकच आहे, या गाड्या खरंच त्याच आहेत का? यावेळी सगळं पान त्यालाच देतोय.

नाशिकहून एक वाचक विचारतात: रेसिंगची गाडी म्हटली की दर शर्यतीला काहीतरी तुटणार आणि बदलणार. इंजिन बदललं, चासी म्हणजे खालचा सांगाडा बदलला, बॉडी नवीन ठोकली. मग तिला ओरिजिनल कसं म्हणायचं?

याचं उत्तर लंडनच्या हायकोर्टानं १९९० साली दिलंय, बेंटलीच्या ओल्ड नंबर वन या गाडीच्या खटल्यात, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. ही बेंटली स्पीड सिक्स, साडेसहा लिटरचं इंजिन. १९२९ ला वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किननं हिच्यावर ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, १९३० ला बार्नाटोनंच ग्लेन किडस्टनला जोडीला घेऊन परत जिंकली. पुढं ती इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर पळत राहिली, त्यात चासी बदलली, ८ लिटरचं इंजिन बसलं, आणि १९३२ च्या ५०० मैलांच्या शर्यतीत क्लाइव्ह डन्फी चालवत असताना गाडी बँकिंगच्या, म्हणजे ट्रॅकच्या तिरक्या उतरत्या वळणाच्या, वरच्या कडेवरून बाहेर गेली, त्यात डन्फीचा जीव गेला. बार्नाटोनं मग तिची रस्त्यावर वापरायची कूपे, म्हणजे बंद छपराची दोन दारी गाडी, करून घेतली. कित्येक वर्षांनी एका मालकानं तिला परत रेसिंगच्या रूपात आणलं आणि १ कोटी पौंडांना विकायचा सौदा ठरला. मग घेणारा मागं फिरला, म्हणाला ही ती गाडीच नाही.

कोर्टात अक्षरशः एकेका नटबोल्टचा हिशोब झाला. १९२९ ला जिंकलेल्या गाडीतल्या काही बारीकसारीक फिटिंग्ज असतील तर असतील, त्यांचंही साल सांगता येईना. १९३० च्या गाडीतला पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टिअरिंग कॉलम, संपलं. बाकी बरंचसं १९३२ चं. तरीसुद्धा न्यायमूर्ती ऑटन म्हणाले की ही गाडी अस्सल आहे, सौदा पुरा करा. कारण पार्ट बदलले ते गाडी चालू असताना, एकामागून एक, गरजेपोटी. मध्ये कुठंही ती गाडी नाहीशी झाली आणि मग कुणीतरी नव्यानं उभी केली असं झालेलं नाही, आणि ओल्ड नंबर वन मीच असं म्हणू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही.

आपल्याकडं हे समजायला अवघड जाऊ नये. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, मंडप नवा, कळस नवा, फरशी तर दर पिढीला नवी. तरी देऊळ तेच, कारण दिवाबत्ती कधी खंडली नाही आणि गावाला माहितीय की कुठलं काम कुणाच्या काळात झालं. आता उद्या कुणी त्याच देवळातले चार जुने दगड उचलून शंभर किलोमीटरवर हुबेहूब देऊळ बांधलं, तर दगड जुने असूनही ते आपलं देऊळ होणार नाही. माझ्या मते मराठीतले दोन शब्द इथं फार कामाचे आहेत, मूळची आणि अस्सल. ओल्ड नंबर वन मूळची राहिलेली नाही, पण अस्सल आहे. मला तो निकाल शंभर टक्के पटतो, आणि तरीही १ कोटी पौंड देणाऱ्याला आत काय उरलंय हे सौद्याच्या आधी कागदावर मिळायला हवं होतं असंही वाटतं.

पिंपरीहून प्रश्न: जॅग्वार आता टाटांकडं आहे. कंपनीनंच पन्नास वर्षांपूर्वीच्या रेसिंग गाड्या परत बनवून विकल्या असं वाचलं. कंपनीनं बनवली म्हणजे ती ओरिजिनलच ना?

नाही, ती कंटिन्युएशन, म्हणजे जुनं मॉडेल कंपनीनंच पुढं चालू ठेवून आज बनवलेली गाडी. हा शब्द लक्षात ठेवा. टाटांनी २००८ ला जॅग्वार घेतली, त्यानंतरच्या काळातली ही गोष्ट आहे. १९६३ मध्ये जॅग्वारनं आपल्या ई-टाइप या स्पोर्ट्स गाडीची ॲल्युमिनियम बॉडीची हलकी रेसिंग आवृत्ती काढायची ठरवली, १८ चासी नंबर राखून ठेवले आणि बनल्या फक्त १२. उरलेले ६ नंबर रजिस्टरमध्ये तसेच पडून होते. २०१४ ला कंपनीनं त्याच नंबरांवर ६ गाड्या बनवायला घेतल्या. मग आली एक्सकेएसएस, म्हणजे जॅग्वारच्या डी-टाइप या रेसिंग गाडीची रस्त्यावर चालवायची आवृत्ती. १२ फेब्रुवारी १९५७ ला ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली, त्यात ९ गाड्या गेल्या, २५ पैकी १६ च बाहेर पडलेल्या. २०१६ ला त्या ९ परत करतो म्हणून कंपनीनं जाहीर केलं. नंतर डी-टाइप, ठरलेल्या १०० पैकी ७५ झालेल्या, म्हणून २०१८ पासून आणखी २५.

मला यातलं कारागिरीचं मोल शंभर वेळा मान्य आहे. हातानं पत्रा ठोकणारी माणसं परत कामाला लागली, जुनी ड्रॉइंग्ज बाहेर निघाली, ही छोटी गोष्ट नाही. पण २०१४ ला बनलेली गाडी ही २०१४ चीच गाडी, नंबर १९६३ चा असला तरी. जळालेल्या ९ गाड्यांच्या जागी ९ करणं यात निदान एक ओढ आहे. डी-टाइपच्या बाबतीत मात्र माझं मन साशंक आहे, कारण त्या वेळी त्या २५ गाड्या आग लागून किंवा अपघातानं राहिलेल्या नव्हत्या, तेव्हा त्यांना गिऱ्हाईकच नव्हतं. जे घडलं नाही ते साठ वर्षांनी पूर्ण केलं असं म्हणणं मला ताणलेलं वाटतं. मात्र कंपनीनं कुणाला फसवलेलं नाही, पहिल्या दिवसापासून उघड सांगितलंय. भीती पुढच्याची वाटते, अजून तीस वर्षांनी गाडी चार हात बदलून गेलेली असेल, रंग उडालेला, सीटला चिरा पडलेल्या, आणि जाहिरातीतून कंटिन्युएशन हा शब्द हळूच गळालेला असेल.

ठाण्याहून: मोटर शर्यतींच्या एफआयए या जागतिक संस्थेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट असला की गाडी खरी असं समजायचं का? यूट्यूबवर एक विक्रेता असंच सांगत होता.

हे डोक्यातून आधी काढा. एचटीपी म्हणजे हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट हा एफआयएच्या ॲपेंडिक्स के नावाच्या नियमावलीखाली मिळतो आणि तो एवढंच सांगतो की ही गाडी त्या त्या काळातल्या स्पेसिफिकेशनप्रमाणे आहे, इंजिन तेवढंच, ब्रेक त्याच प्रकारचे, चाकांचा साइज तोच. शर्यतीत सगळ्यांनी एका नियमात पळावं म्हणून तो कागद असतो. त्या गाडीनं १९६२ ला कुठली शर्यत मारली की ती गेल्या वर्षी शेडमध्ये बनली, याबद्दल तो काही हमी देत नाही, आणि काळाबरहुकूम बनवलेल्या नव्या गाडीलाही तो मिळू शकतो. त्याची मुदत १० वर्षं. इतिहासाचा पुरावा वेगळीकडं शोधायचा, कारखान्याची बिल्ड शीट म्हणजे गाडी बनवतानाची नोंद, शर्यतींचे त्या काळचे फोटो, जुनी बिलं, मालकांची न तुटलेली साखळी.

फोटो तर फार बोलतात. हातानं ठोकलेल्या बॉडीच्या दोन बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसतात, रिव्हेटच्या रांगेत एखादा जरा खाली बसलेला असतो, बॉनेटवरची हवेची फट एका टोकाला किंचित रुंद असते. जुन्या फोटोत भिंग धरून ते रिव्हेट मोजणारी माणसं आहेत, आणि त्यांच्यामुळंच बरंच खोटं उघडं पडतं. चासी नंबरही तसाच बघायचा. हातोडा आणि पंचानं मारलेले आकडे थोडे वरखाली असतात, एखादा खोल एखादा उथळ, आणि आजूबाजूचा पत्रा त्याच वयाचा दिसतो. आकडे जुने आणि भोवतीची जागा ग्राइंडर फिरवल्यासारखी सपाट असेल तर तिथंच थांबायचं, पुढचं बोलणंच नको.

पुण्यातून एका कॉलेजच्या विद्यार्थ्यानं विचारलंय: फेरारी २५० जीटीओच्या एवढ्या रेप्लिका का बनतात, आणि त्या वाईटच का?

कारण खऱ्या फक्त ३६, १९६२ ते १९६४ मधल्या, आणि २०१८ ला त्यातली एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. रेप्लिका वाईटच असं मी म्हणणार नाही. मासेराती २५०एफचं उदाहरण घे, १९५७ ला फँजिओ ज्या गाडीवर वर्ल्ड चॅम्पियन झाला ती. कॅमेरॉन मिलर नावाच्या गृहस्थांनी कारखान्याकडून सुटे भाग मिळवून त्यावरून नंतर काही २५०एफ उभ्या केल्या आणि त्यांना सीएमनं सुरू होणारे स्वतःचे नंबर दिले. नंबर वाचला की कळतं ही कुणी केली. त्या पळतात, लोक प्रेमानं बघतात, कुणाची तक्रार नाही. नेमकी खऱ्या गाडीची बारीकसारीक नक्कल असेल तर तिला टूल-रूम कॉपी म्हणतात, आणि काही मालक खरी घरी ठेवून शर्यतीला ती आणतात, तेही ठीक, फक्त प्रोग्रॅमच्या पुस्तकात तसं छापलेलं असावं.

मला राग येतो तो दुसऱ्या प्रकाराचा. जीटीओची नक्कल करायला अनेकांनी फेरारी २५० जीटीई कापल्या, कारण तिच्यातही ३ लिटरचं व्ही१२ इंजिन. जीटीई ही चार सीटची, घरच्या माणसांना घेऊन फिरायची देखणी गाडी, साठच्या दशकातली, स्वतःचा इतिहास असलेली. एक अस्सल गाडी मारून एक नक्कल जन्माला घालायची याला मी कधीच चांगलं म्हणणार नाही.

कोल्हापूरहून एका ताईंचं पत्र: आजोबांची १९५० च्या दशकातली फियाट ११०० घरी उभी आहे. चालू करता येईल असं फिटर म्हणतो. तुम्ही ज्या गाड्यांबद्दल लिहिता तशी ती नाही, पण रिस्टोअर करताना काय जपायचं ते सांगाल का? गॅरेजवाले म्हणतात सगळं काढून नवंकोरं करून देतो.

ताई, तुमची गाडी तशीच आहे हो. याच ११०० ची भावंडं इटलीत मिले मिलियामध्ये हजार मैल पळायची, आणि आपल्याकडं मुंबईत तिला प्रेमानं डुक्कर फियाट म्हणायचे.

माझ्याकडंही एक होती. वडिलांची. मी ती एका गॅरेजला दिली आणि नीट करा एवढंच सांगितलं, चार महिन्यांनी गाडी आली ती आरशासारखी. रंग बघून मी खुश झालो आणि मग आत बसलो. स्टिअरिंगला वडिलांच्या अंगठ्यानं झिजलेली जागा होती, डाव्या बाजूला, ती भरून गुळगुळीत केलेली. डॅशबोर्डवरची पितळी पट्टी, जिच्यावर विकणाऱ्या डीलरचं नाव होतं, ती नव्हती. विचारलं तर म्हणाले गंजलेली होती, भंगारात गेली. दाराच्या आतला मूळचा हिरवट रंग कुठं थोडा तरी शिल्लक असेल म्हणून मी नखानं खरवडून बघितलं, पुट्टीच निघाली. चूक त्यांची जेवढी तेवढीच माझी, मी काय ठेवायचं ते सांगितलंच नव्हतं, आणि आज इतक्या वर्षांनीही ती पट्टी मला आठवते.

म्हणून सांगतो, गॅरेजला देण्याआधी एक अख्खा दिवस नुसते फोटो काढा. बॉनेट उघडून, सीट काढून, दाराच्या कडा, गालिच्याखालचा पत्रा, वायरिंगचे रंग. जे चालतंय ते काढू नका. ब्रेक, टायर, ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलचे पाइप, वायरिंग यात मात्र भावनेला जागा नाही, ते नवंच घाला. काढलेला प्रत्येक पार्ट, मोडका असला तरी, चिठ्ठी बांधून खोक्यात घरी आणा. जुन्या गाड्यांच्या फिवा या जागतिक संस्थेची ट्युरिन सनद आहे, तीही हेच सांगते की आधी जतन, मग दुरुस्ती, आणि नवा घातलेला भाग सहज न दिसेल पण शोधला तर सापडेल अशा खुणेनं ओळखता यावा. तुमच्या फिटरला सांगा, नवीन पत्रा जोडला तर आतल्या बाजूला सालाचा पंच मारून ठेव.

रंगाचं घाईनं ठरवू नका. २००९ ला इटली-स्वित्झर्लंडच्या हद्दीवरच्या माज्जोरे तळ्यातून १९२५ ची बुगाटी ब्रेशिया वर काढली, कित्येक दशकं पाण्यात राहून निम्मी गंजून गेलेली. २०१० ला लिलावात ती २ लाख ६० हजार युरोंच्या वर गेली आणि घेणाऱ्या संग्रहालयानं ती तशीच ठेवली, गंजासकट. तुमच्या फियाटला एवढं करायची गरज नाही, तिनं रस्त्यावर यावं हेच मलाही वाटतं, पण रंग नुसता फिकट झाला असेल तर आधी पॉलिश लावून बघा, बऱ्याचदा खालचा रंग चांगला निघतो.

आणि एक कागदोपत्री गोष्ट. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, तिची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. त्यात अट आहे की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच, तेव्हा आजोबांच्या गाडीतून दर रविवारी जोतिबाला जायचा बेत असेल तर आरटीओत आधी नीट चौकशी करा. इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर जिथं पंच केलाय तिथं फिटरला वायर ब्रश लावू देऊ नका, रॉकेलच्या फडक्यानं पुसून तिरक्या उजेडात फोटो काढा आणि मला पाठवा, आकडे वाचून साल काढायला मी मदत करतो.